‘शॉर्टसर्किटमुळे आग’ या वाक्यात काय लपतं?

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली. ८ जण गेले. त्यात कारखान्याचे मालक आणि आवारातच राहणारी माणसं होती. पहिल्या बातम्यांमध्ये कारणाचा अंदाज तोच, आपल्या सवयीचा: शॉर्टसर्किट.

२०२१ मध्ये हा शब्द आपण वारंवार ऐकला. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळं गेली. तिथल्या चौकशीत आगीची सुरुवात बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरपासून झाल्याचं पुढे आलं. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. तरी २३ एप्रिलला विरारमध्ये एका खासगी रुग्णालयाचा आयसीयू पेटला आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा.

रुग्णालय असो की कारखाना, वायर, जोड आणि पॅनल सारखेच असतात. म्हणून प्रश्न पडतो की ऑडिटचे आदेश निघूनही हे का थांबत नाही? माझ्या मते गडबड ‘शॉर्टसर्किट’ या शब्दापासून सुरू होते. तो शब्द शेवटच्या सेकंदाचं वर्णन करतो. त्याआधीचे कित्येक महिने त्यात येतच नाहीत.

त्या महिन्यांत काय घडत असतं?

मी मीरा रोडला राहतो आणि मशीनचा डेटा गोळा करणारं सॉफ्टवेअर लिहितो. त्या कामासाठी भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये जाणं होतं. इथे स्टीलच्या भांड्यांचा मोठा धंदा आहे, त्यामुळे पॉलिशच्या मोटारी दिवसभर फिरत असतात. अशा गाळ्यातल्या पॅनलमध्ये एक स्क्रू थोडा सैल झालाय असं समजा.

सैल जोडाचा रोध वाढतो. समजा तो ०.०५ ओहम झाला. आकडा किरकोळ वाटतो. पण उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. ३० अँपिअर प्रवाह असेल तर ९०० गुणिले ०.०५, म्हणजे ४५ वॉट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. म्हणजे त्या स्क्रूवर जवळजवळ दोन सोल्डरिंग आयर्न सतत टेकवून ठेवल्यासारखं झालं. मालकाने नवीन मशीन लावलं आणि प्रवाह ४० अँपिअरवर गेला, की तीच उष्णता ८० वॉट होते.

उष्णतेने धातू फुगतो, रात्री थंड होऊन आकसतो, स्क्रू आणखी सैल होतो. तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो. शेजारच्या वायरचं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. मग एके दिवशी दोन वायर एकमेकींना चिकटतात. ते शॉर्टसर्किट.

मग एमसीबी का पडत नाही?

कारण एमसीबीला फक्त प्रवाह कळतो. ३२ अँपिअरच्या एमसीबीतून ३० अँपिअर जात असतील तर त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. जोडावर होणारी घट फक्त दीड व्होल्टची, तीही कुणाला जाणवत नाही. आरसीसीबी वेगळं काम करतो: करंट जमिनीकडे गळायला लागला की तो पडतो. म्हणून माणसाला शॉक लागू नये यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पण सैल जोडातून करंट गळत नाही, फक्त तापतो. तो आरसीसीबीलाही दिसत नाही.

थोडक्यात, आग लागण्याचा हा नेहमीचा मार्ग आपल्या दोन्ही पहारेकऱ्यांच्या नजरेबाहेर आहे. तिथे माणसानेच जाऊन बघावं लागतं.

भाईंदरमध्ये त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एका बाजूला खाडी, आजूबाजूला मिठागरं. खारट दमट हवेत जोड लवकर गंजतात, त्यातही ॲल्युमिनिअमची केबल थेट तांब्याच्या पट्टीला जोडली असेल तर जास्तच. दुसरी गोष्ट पॉलिशची धूळ. त्यात धातूचे कण असतात. पॅनलचं दार उघडं राहिलं की तेच कण दोन फेजच्या मधे जाऊन बसतात.

कायदा काय सांगतो?

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, मीटरनंतरची ग्राहकाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम २०२३ मध्ये नव्याने आले. त्यानुसार जोडलेल्या वीजसंचाची तपासणी जास्तीत जास्त ५ वर्षांच्या अंतराने व्हायला हवी. सरकारने ठरवून दिलेल्या व्होल्टेजपर्यंत मालक स्वतःच प्रमाणपत्र देऊ शकतो.

याच्या शेजारी महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा ठेवून बघा. आग विझवायची यंत्रणा चालू आहे याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. म्हणजे आग विझवणारा सिलिंडर वर्षातून दोनदा तपासायचा आणि आग लावू शकणारा जोड ५ वर्षांतून एकदा. ही तफावत मला सगळ्यात जास्त खटकते.

ऑडिट म्हणजे एक स्क्रीनशॉट

आमच्या क्षेत्रात सर्व्हर चालू आहे का, हे वर्षातून एकदा कुणी बघत नाही. आकडे सतत नोंदवले जातात, कारण खरी माहिती आकड्याच्या दिशेत असते. वायरिंगचंही तसंच आहे.

एक उदाहरण. मेगरने इन्सुलेशन तपासताना १ मेगाओहमच्या वर आकडा आला की साधारणपणे ‘पास’ धरतात. समजा एका मोटारीच्या केबलचा आकडा पहिल्या वर्षी ८०, दुसऱ्या वर्षी ४० आणि तिसऱ्या वर्षी ९ आला. तिन्ही वर्षी शेरा ‘पास’. पण तीन आकडे शेजारी लिहिले की कुणीही सांगेल, ही केबल पुढचा पावसाळा काढणार नाही. प्रमाणपत्रात शेरा असतो, शेजारचे जुने आकडे नसतात.

अर्थिंगचंही बघा. पावसाळ्यात जमीन ओली असते, रोध कमी येतो, सगळे खूश. तोच खड्डा मे महिन्यात मोजा, मग खरा आकडा कळतो.

‘सेन्सर लावू’ हे उत्तर पुरेसं आहे का?

प्रत्येक जोडावर तापमानाचा सेन्सर, मोबाइलवर अलर्ट, असं सगळं आज मिळतं. अशा गोष्टी बनवणं हाच माझा धंदा, त्यामुळे मी नको म्हणणार नाही. पण अलर्ट आल्यावर मशीन बंद करून स्क्रू आवळायची परवानगी कुणाला आहे? ऑर्डर तोंडावर असताना वायरमन म्हणाला ‘अर्धा तास बंद ठेवा’, तर मालक ऐकतो का? हे ठरलेलं नसेल तर चार दिवसांत लोक नोटिफिकेशन बंद करतात.

त्यापेक्षा स्वस्त उपाय आधी करता येतात:

१. एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या सोसायटीने मिळून एक थर्मल कॅमेरा घ्यावा. मशीन पूर्ण लोडवर असताना मीटर रूम आणि प्रत्येक गाळ्याचं पॅनल महिन्यातून एकदा बघावं. सारख्या लोडवर दोन फेजच्या जोडांत १५ अंशांहून जास्त फरक असेल तर तो गंभीर मानतात. चकचकीत धातूवर कॅमेरा फसतो, म्हणून शेजारच्या इन्सुलेशनचं तापमान बघावं.

२. सुट्टीच्या दिवशी वीज पूर्ण बंद करून परवानाधारक वायरमनकडून जोड आवळून घ्यावेत आणि पॅनलमधली धूळ काढावी.

३. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघावं. पडला नाही तर बदलावा.

४. नवीन मशीन आलं की आधी केबल आणि एमसीबीचा हिशेब करावा. एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवला तर केबलला संरक्षणच उरत नाही.

५. प्रत्येक आकडा तारखेसकट एका रजिस्टरमध्ये लिहावा. गाळा भाड्याने दिला तर ते रजिस्टर नव्या भाडेकरूला द्यावं.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मालक, भाडेकरू आणि वायरमन बदलत राहतात, वायर मात्र तीच असते. तिचा इतिहास कुणाकडेच नसतो.

वाळूज एमआयडीसीत ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे हातमोज्यांच्या कारखान्यात ६ कामगार गेले. ते कारखान्यातच झोपले होते. त्या आगीचं कारण काहीही असो, कामाच्या जागीच झोपणारे कामगार आपल्या सगळ्या औद्योगिक वस्त्यांत आहेत, आणि बंद शटरच्या आत त्यांना पळायला फार कमी वेळ मिळतो. म्हणून पुढच्या आगीनंतर ‘ऑडिट झालं होतं का?’ एवढंच विचारून थांबू नका. त्या जोडाचं तापमान शेवटचं कधी मोजलं, किती आलं आणि कुणी लिहून ठेवलं, हे विचारा.