प्रसूतीची पूर्वतयारी : श्वास, शिथिलता आणि कायोत्सर्ग

‘संमोहन’ हा शब्द जैन कानाला सहजासहजी रुचत नाही. त्यात ‘मोह’ आहे, आणि आठ कर्मांत मोहनीय कर्म सर्वांत बलवान, हे पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. त्यामुळे गर्भवती सुनेने स्वसंमोहनाचा सराव करावा असे कुणी सुचविले, तर घरातील ज्येष्ठ मंडळी साशंक होतात यात नवल नाही. हेलकावणारा लोलक आणि रंगमंचावर भान हरपून नाचणारा माणूस, एवढेच चित्र या शब्दासोबत डोळ्यांपुढे येते. वास्तविक ज्या जेम्स ब्रेड नावाच्या स्कॉटिश वैद्याने १८४३ साली या विद्येवर ग्रंथ लिहिला आणि ग्रीक भाषेतील निद्रावाचक शब्दावरून तिचे नाव रूढ केले, त्यालाच पुढे ते नाव चुकीचे वाटू लागले. ही झोप नव्हे, चित्त एकाच कल्पनेवर स्थिरावण्याची अवस्था आहे, हे ध्यानात आल्यावर १८४७ मध्ये त्याने ‘एककल्पना’ या अर्थाचे दुसरे नाव सुचविले. पण तोवर पहिले नाव लोकांच्या तोंडी बसले होते.

जैन वाचकाला ही दुसरी व्याख्या परकी वाटणार नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे लक्षण सांगताना एका विषयावर चिंतन रोखून धरणे, असेच सांगितले आहे. आणि उत्तम संहननाच्या साधकालाही ते अंतर्मुहूर्ताहून अधिक काळ साधत नाही, ही मर्यादाही तेथेच घातली आहे. अंतर्मुहूर्त म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आतील काळ. ही मर्यादा गर्भवतीच्या कुटुंबाने विशेष लक्षात ठेवावी. दहा-बारा तास चालणाऱ्या प्रसूतीत तिने सतत चित्त स्थिर ठेवावे, अशी अपेक्षा कुणी करू नये. तिला लागते ते एका कळेपुरते, मिनिटभराचे धैर्य.

संमोहनाचे मुख्य साधन म्हणजे सूचना. शांत, एकाग्र अवस्थेत वारंवार ऐकलेली गोष्ट मनात खोल उतरते आणि शरीर तिच्या अनुरोधाने वागू लागते. या दृष्टीने पाहिले तर पहिलटकरणीला सूचना मिळत नाहीत असे नाही. सातव्या महिन्यापासून त्या तिला अखंड मिळत असतात, मात्र उलट्या दिशेने. डोहाळजेवणाला जमलेल्या बायका ओटी भरता भरता कुणाचे बाळंतपण दोन दिवस अडले, कुणाला रात्री हिंगोलीहून नांदेडला हलवावे लागले, कुणाला किती टाके पडले, हे साग्रसंगीत सांगतात. सांगणारीच्या मनात वाईट काही नसते. तिने ते सोसलेले असते आणि सांगितल्याने तिचे मन हलके होते. ऐकणारीचे मात्र जड होते. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, हे वाक्य ज्या काळात रुजले, त्या काळी घरोघरी माता दगावत, म्हणून त्यात अतिशयोक्ती नव्हती. आज तेच वाक्य आठव्या महिन्यात रोज कानांवर पडणे, हे भीतीचे संमोहनच आहे.

भीतीचा शरीरावर होणारा परिणाम इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली ‘नैसर्गिक प्रसूती’ या विषयावरील आपल्या पुस्तकात मांडला. भीतीमुळे स्नायू ताठरतात, ताठरल्याने वेदना वाढते, वाढलेल्या वेदनेने भीती दुणावते, असे ते चक्र. त्यांचे सारेच म्हणणे पुढच्या संशोधनाने जसेच्या तसे उचलून धरले नाही. निर्भय स्त्रीला वेदना होतच नाहीत, हा त्यांचा सूर तर अनेक मातांवर अन्याय करणारा होता. पण चक्राचा गाभा खरा आहे. घाबरलेल्या शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, आणि त्याने गर्भाशयाच्या आकुंचनाची लय मंदावू शकते. मुठी आवळलेल्या, दात घट्ट मिटलेल्या बाईची बरीचशी शक्ती जेथे तिचा उपयोग नाही अशा स्नायूंत खर्च होते.

हे सारे पाश्चात्त्यांचे कौतुक आहे, असेही समजू नये. वेदनाशमनासाठी संमोहनाचा मोठा प्रयोग भारतभूमीवरच झाला. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या शल्यचिकित्सकाने १८४५ पासून रुग्णांना या विद्येच्या साहाय्याने निश्चल करून शस्त्रक्रिया केल्या. त्याचे एतद्देशीय साहाय्यक तासन् तास रुग्णाजवळ बसून अंगावरून हात फिरवीत. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले व हा मार्ग मागे पडला. ते योग्यच झाले. जेथे शस्त्र चालवायचे, तेथे औषधाला पर्याय नाही.

प्रसूतीत मात्र स्त्री जागी असते आणि तिला स्वतःलाच काही करायचे असते. येथे जैन घरातील स्त्रीजवळ एक साधन आधीपासून आहे. सहा आवश्यकांपैकी एक असलेला कायोत्सर्ग तिला बालपणापासून परिचित असतो. औंढा तालुक्यातील शिरड शहापूरच्या मल्लिनाथांचे दर्शन घेऊन नऊ वेळा णमोकार मंत्राचे स्मरण करीत स्तब्ध उभी राहणारी स्त्री, नाव न घेता, एकाग्रतेचा व शिथिलतेचा सरावच करीत असते. कायोत्सर्ग म्हणजे कायेविषयीच्या ममत्वाचा त्याग. त्याचे प्रयोजन कर्मनिर्जरा आहे, वेदनाशमन नव्हे. त्यामुळे त्याला संमोहनाच्या पंक्तीला बसविणे तत्त्वतः बरोबर होणार नाही. परंतु शरीर सैल सोडणे, श्वास संथ होऊ देणे आणि चित्त एका आलंबनावर ठेवणे, ही बाह्य रीत दोहोंत सारखी आहे. आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ पासून प्रेक्षाध्यानाची जी पद्धत शिकविली, तीत तर कायोत्सर्ग करताना पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत एकेका अवयवाला शिथिल होण्याची सूचना साधक स्वतःच देतो. स्वसंमोहनाच्या वर्गात शिकवितात त्याहून हे फारसे वेगळे नाही.

दिगंबर परंपरेत नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग सत्तावीस श्वासोच्छ्वासांत करण्याची रीत आहे. पहिली दोन पदे पहिल्या श्वासोच्छ्वासात, तिसरे व चौथे दुसऱ्यात, पाचवे तिसऱ्यात. म्हणजे एका मंत्राला तीन श्वासोच्छ्वास. एक संथ श्वासोच्छ्वास साधारण आठ सेकंदांचा धरला, तर एक मंत्र अर्ध्या मिनिटाहून थोड्या कमी वेळात होतो. जोमाची कळ बहुधा पाऊण ते एक मिनिट टिकते. तेव्हा एक कळ म्हणजे सुमारे दोन णमोकार. पहिल्याच्या अखेरीस ती शिगेला पोचते, दुसऱ्यात उतरू लागते. आणखी एक हिशोब धीर देणारा आहे. दर चार मिनिटांनी मिनिटभराची कळ येत असेल, तर तासाभरात वेदनेची मिनिटे पंधरा आणि विसाव्याची पंचेचाळीस होतात. भ्यालेली स्त्री ही पंचेचाळीस मिनिटेही पुढच्या कळेच्या धास्तीत घालविते. सरावाचा खरा लाभ कळ चालू असताना थोडा आणि दोन कळांच्या मधल्या विसाव्यात अधिक होतो.

हा सराव आयत्या वेळी सुचत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून दररोज पंधरा-वीस मिनिटे दिली, तर नवव्या महिन्यापर्यंत शरीराला सवय लागते. वसमत भागात हळद शिजविण्याचे दिवस असले की घरात निवांत खोली मिळणे कठीण. पहाटेची सामायिकाची वेळ त्या मानाने सोपी. एरवी उताणे पडून शवासन करण्याची सवय असली, तरी गर्भ वाढल्यावर ते टाळावे. गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबून चक्कर येते व बाळाचा रक्तपुरवठाही कमी होतो. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडावे. फार वेळ उभे राहूनही कायोत्सर्ग करू नये. शास्त्राने तो बसून व पडूनही सांगितला आहेच. श्वास रोखून धरणे आणि कपालभातीसारख्या जलद क्रिया गर्भावस्थेत वर्ज्य समजाव्यात. एखाद्या स्त्रीला पूर्वी गंभीर मानसिक आजार झाला असेल, तर तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय संमोहनाचा सराव करू नये.

कपाळ, जबडा, खांदे, मुठी, मांड्या या क्रमाने एकेक भाग सैल करावा. जबड्याकडे विशेष लक्ष द्यावे. ताण तेथेच आधी साठतो. मग मनाशी द्यावयाची सूचना साधी आणि खरी असावी. ‘मला दुखणारच नाही’ अशी सूचना देऊ नये. पहिल्याच कळेला ती खोटी ठरते आणि सारा सराव तिच्याबरोबर कोसळतो. ‘कळ येते आहे, चढेल, उतरेल, माझा श्वास चालू आहे’ एवढे पुरते. सत्याणुव्रताचा येथे असाही उपयोग आहे.

अशुद्ध अवस्थेत मंत्र म्हणावा का, हा संकोच पुष्कळ घरांत असतो, आणि प्रसूतिगृहात सून तो कुणाला विचारूही शकत नाही. नित्यपूजेच्या आरंभी म्हटल्या जाणाऱ्या प्रसिद्ध श्लोकात पवित्र-अपवित्र, सुस्थितीत वा दुःस्थितीत, कोणत्याही अवस्थेतील जिवाला पंचनमस्काराचे ध्यान खुले ठेवले आहे. सुतकाचे नियम पूजाअभिषेकाचे. मनातील स्मरणाला ते आड येत नाहीत. सासूबाईंनी हे आधीच, स्वतःहून सांगावे. तसेच रात्रिभोजनत्यागाचा नियम असलेल्या स्त्रीने रात्री कळा सुरू झाल्यास पाणी व आहाराचे काय करायचे, हे साधू-साध्वींना अगोदरच विचारून ठेवावे. तहानलेले, थकलेले शरीर शिथिल होत नाही.

या पद्धतीकडून किती अपेक्षा ठेवावी? इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वसंमोहन शिकलेल्या व न शिकलेल्या स्त्रियांत कण्यातील वेदनाशामक इंजेक्शन घेण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले : सुमारे २८ व ३० टक्के. मात्र शिकलेल्या स्त्रियांना प्रसूतीनंतर असे आढळले, की भीती व चिंता वाटली होती त्याहून कमी झाली. डेन्मार्कमधील १२२२ स्त्रियांच्या चाचणीतही इंजेक्शनाचे प्रमाण घटले नाही. प्रसूतीचा अनुभव मात्र त्यांना अधिक बरा वाटला. वेदनामुक्तीची हमी देऊन महागडे वर्ग विकणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणी कण्यातील इंजेक्शनाची सोय सहज मिळेलच असे नाही. तेथे भीती कमी होणे हीच मोठी कमाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही निरोगी गर्भवतीला हवे असल्यास स्नायू शिथिल करणे, संथ श्वसन, संगीत या उपायांना स्थान दिले आहे.

त्याच शिफारशींत मनपसंत सोबतिणीलाही स्थान आहे. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी जवळची एखादी स्त्री सोबत ठेवण्यास केंद्र शासनाने २०१६ साली मान्यता दिली आहे. परिचारिकेला नम्रपणे तशी विनंती करावी. ही सोबतीण कोण, हे आठव्या महिन्यातच ठरावे, आणि तिनेही गर्भवतीबरोबर महिनाभर सराव करावा. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने बहुधा आई असते. मुलीच्या वेदना पाहून रडू न आवरणारी आई असेल, तर मावशी वा वहिनी अधिक उपयोगी. तिचे काम फार थोडे : खांद्यावर हात ठेवणे, हळू आवाजात णमोकार म्हणणे, मूठ आवळली दिसली की ‘हात सैल सोड गं’ एवढे म्हणणे. ‘आता थोडंच राहिलं’ असे दर दहा मिनिटांनी म्हणू नये.

सराव कितीही चांगला असला, तरी तपासणी चुकवू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रात गर्भस्थ वर्धमान मातेला त्रास होऊ नये म्हणून निश्चल झाले आणि त्रिशलामाता व्याकूळ झाली, असा प्रसंग आहे. गर्भाची हालचाल थांबली हे तिला तत्काळ कळले, याकडे कथा सांगताना क्वचितच लक्ष वेधले जाते. शांत बसून केलेल्या सरावात बाळाची हालचाल अधिक स्पष्ट जाणवते. ती रोजच्यापेक्षा कमी वाटली, रक्तस्राव झाला, पाणी गेले, तीव्र डोकेदुखी होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्यावर सूज आली, ताप वा झटका आला, तर श्वास मोजत बसू नये. १०८ वर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे. सेनगाव वा कळमनुरीकडील दूरच्या गावातून निघायला लागणारा वेळ आधीच मोजून ठेवावा.

आणि शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागली, तर सून सरावात कमी पडली असे कुणी मनातही आणू नये. बाळ आडवे असणे, वार खाली असणे, यांवर शिथिलतेचा काही इलाज नाही. सराव तेव्हाही वाया जात नाही. भूल देताना कण्यात सुई घालतात. त्या वेळी पाठ वाकवून, खांदे सैल सोडून क्षणभर अगदी स्थिर राहावे लागते. त्यासाठी तीन संथ श्वास, एक णमोकार, पुरतो.