नळ दारात आला, तरी तान्ह्याला पाणी नको

शाहूवाडी : पावसानं जोर धरला की तालुक्यात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. भाताच्या लावणीसाठी बायका चिखलात उतरतात आणि त्याच दिवसांत विहिरी, झरे, ओढे गढूळ होतात. या दोन्हींच्या मधे सापडतं ते घरातलं तान्हं बाळ. आई शेतात, बाळ आजीजवळ. रडायला लागलं की दोन चमचे पाणी, नाहीतर पावडर कालवून बाटली. हगवणीला पुष्कळदा इथूनच वाट मिळते.

नळानं हंडा उतरला, जंतू नाही

2019 मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी नळानं द्यायचं, हा त्याचा हिशोब. पण न धुतलेली टाकी, फुटका पाईप, उघडी घागर यांतून जंतू शिरतातच. मोठ्या माणसाला सोसणारं पाणी दोन महिन्यांच्या बाळाला सोसत नाही.

आईच्या दुधात 100 पैकी सुमारे 87 भाग पाणीच असतं. म्हणून पहिले सहा महिने, अगदी मे महिन्याच्या उन्हातही, वरचं पाणी लागत नाही. पाण्यानं पोट भरलं की बाळ कमी ओढतं आणि मग आईचं दूधही कमी होत जातं. पाणी जास्त झालं तर रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात. घुटी, साखरपाणी नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. सहा महिन्यांनंतर वरच्या खाण्याबरोबर उकळून गार केलेलं पाणी थोडं थोडं द्यावं.

सहा महिन्यांची रजा कुणाला?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिन्यांखालच्या 100 पैकी सुमारे 64 बाळांनाच फक्त आईचं दूध मिळत होतं. बाकीच्यांच्या आया निष्काळजी होत्या असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. 2017 पासून नोकरदार बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे बरोबर सहा महिने. लावणीला जाणाऱ्या बाईला ती नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5 हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यानं. सहा महिन्यांची मजुरी त्यात भरून निघत नाही.

म्हणून वाट घरानंच काढायची. मधल्या वेळेत आईला घरी सोडा किंवा बाळाला तिच्याजवळ न्या. ते जमत नसेल तर निघण्याआधी तिनं उकळलेल्या स्वच्छ वाटीत दूध काढून झाकून ठेवावं. ते 4 तासांपर्यंत चालतं. वाटी-चमच्यानं पाजावं.

पावडर द्यावीच लागली तर

आई नसेल, आजारी असेल किंवा डॉक्टरांनीच सांगितलं असेल, तर पावडर द्यावी लागते. पण डबा सीलबंद असला तरी पावडर जंतूविरहित नसते.

- हात साबणानं धुवा. वाटी-चमचा उकळून घ्या. बाटली नकोच, तिचं बूच नीट धुतलं जात नाही.
- गढूळ पाणी निवळू द्या, फडक्यानं गाळा, मग खळखळून उकळा. फिल्टरचं पाणीही उकळाच.
- उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, 70 अंशांपेक्षा गार व्हायच्या आधी, पावडर घाला. त्यानं पावडरीतले जंतू मरतात.
- पाणी आणि पावडरीचं माप डब्यावर लिहिलंय तेच, चमचा डब्यातलाच. डबा पुरवायला पातळ केलं तर बाळाची उपासमार होते.
- मनगटावर थेंब टाकून कोमट झाल्याची खात्री करा. उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या.

1992 च्या कायद्यानं अशा डब्यांची जाहिरात आणि फुकट वाटपाला बंदी आहे. डब्यावर बाळाचं चित्रही छापता येत नाही. दुकानदार आग्रह करत असेल, तर ऐकू नका.

ग्रामसभेत हे विचारा

गावातल्या 5 महिलांना पाणी तपासायचं किट शिकवावं, असं जलजीवनमध्ये ठरलेलं आहे. आपल्या गावात ते किट या पावसाळ्यात उघडलं का? टाकी कधी धुतली? प्रश्न बाळाच्या पोटाचा आहे, उत्तर ग्रामपंचायतीनं द्यायचं आहे.

आणि बाळाला वारंवार पातळ शी होत असेल, ते दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा टाळू खोल गेली असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा आणि लगेच आरोग्य केंद्र गाठा. आशाताईंना कळवा, गाडीसाठी 108 लावा.