आधी सौदा शिका, मग मालकीच्या गप्पा!

काटोलच्या संत्रा बागाईतदाराला एक धडा पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला आहे. आंबिया बहार असो वा मृग, कित्येक बागांचा सौदा फळ झाडावर असतानाच उरकतो. भाव व्यापारी ठरवतो; फवारणीचा आणि पाण्याचा खर्च मात्र बागाईतदाराच्या माथी! याच घरांतील संगणक शिकलेल्या मुलांना आज 'फ्रीलान्सिंग'चे वेध लागत असतील, तर त्यांनी हा धडा विसरता कामा नये. 'स्वतःच स्वतःचे मालक व्हा' ही घोषणा कानाला गोड लागते. पण ज्याला आपल्या कामाचा भाव ठरवता येत नाही, तो मालक कसला?

परदेशी संकेतस्थळावर खाते उघडले की स्वातंत्र्य मिळाले, हा भ्रम आहे. इस्रायलमध्ये २०१० साली सुरू झालेली 'फायव्हर' कंपनी कारागिराच्या दर शंभर रुपयांतून वीस रुपये कापून घेते. नियम तिचे, ग्राहकही तिचाच. खाते बंद पडले की वर्षानुवर्षांची पत एका रात्रीत नाहीशी. अडत्या बदलला, अडत कायम राहिली! मग अशा वाटेने जाऊच नये काय? पहिल्या अनुभवासाठी अवश्य जावे. मात्र तिथेच मुक्काम ठोकू नये.

हक्काचा ग्राहक जोडणे हाच खरा मार्ग. त्यासाठी कायद्याचे पाठबळही आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क असून एकट्याने संगणक-सेवा देणाराही ती करू शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे देणे ग्राहकाने फार तर ४५ दिवसांत चुकते केले पाहिजे. अन्यथा बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाकडून ही वसुली कोण करणार? म्हणून लेखी करार, दुरुस्त्यांची मर्यादा आणि आगाऊ रक्कम यांवाचून कामाला हात लावू नये. संकोचापोटी सोडलेला पैसा हा सद्‌गुण नव्हे, भाबडेपणा आहे.

आणि घाई कशाला? संत्र्याचे कलम फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर शहाणा बागाईतदार आंतरपीक घेतो. नव्या व्यवसायाचा जम बसेपर्यंत हातची नोकरी हेच आंतरपीक होय. ते मोडून केवळ घोषणेच्या भरवशावर बाग लावणाऱ्याला शेवटी व्यापारी म्हणेल त्या भावातच सौदा करावा लागतो.