पिल्लू ओळखावे, मग दया करावी

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास परसातील जुन्या आंब्याखाली किंवा वाड्याच्या भिंतीशी घुबडाचे पिल्लू दृष्टीस पडते. काही घरांत ते अशुभ मानून हुसकावले जाते. काही घरांत करुणेपोटी उचलून त्याच्यापुढे दूध-पोळी ठेवली जाते. पहिल्या कृतीतील हिंसा उघड असते, दुसरीतील नकळत घडते. म्हणून दयेआधी ओळख हवी.

महाराष्ट्रात घराजवळ सर्वाधिक आढळतो तो पिंगळा. पूर्ण वाढलेला पक्षीही जेमतेम 21 सेंटीमीटरचा, म्हणजे साळुंकीएवढा. झाडाची ढोली किंवा भिंतीतील भगदाड हे त्याचे घर. पिल्लू आरंभी पांढऱ्या लवीचे असते; पुढे तपकिरी पिसे फुटतात, मात्र अंगावरील ठिपके प्रौढांइतके स्पष्ट नसतात. पिवळे डोळे व पांढऱ्या भुवया ही त्याची खूण.

मंदिराच्या शिखरात, पडक्या इमारतीत वा माळ्यावर वाढते ते बहुधा गव्हाणी घुबडाचे पिल्लू. दाट पांढरी लव, काळेभोर डोळे आणि वयाबरोबर हृदयाकृती होत जाणारा चेहरा यांवरून ते ओळखू येते. भूक लागली की ते घोरल्यासारखा फूत्कार काढते. अंधारात सापाचा भास होतो आणि घरातील माणसे काठी शोधू लागतात. एकाच घरट्यातील पिल्ले लहानमोठी दिसतात, कारण पहिले अंडे घालताच मादी उबवू लागते व पिल्ले क्रमाने बाहेर येतात. सर्वांत लहान पिल्लू आजारीच असेल, असे नव्हे.

पिसे फुटलेले पिल्लू उड्डाणापूर्वी फांदीवर येते, कधी खाली पडते. दिवसा निश्चल बसणे हा त्याचा स्वभावच आहे. इजा नसेल तर फडक्याने अलगद उचलून त्याला जवळच्या फांदीवर ठेवावे. केवळ लव असलेले पिल्लू ढोलीतच परत ठेवावे. मग मांजर-कुत्र्यांना आवरून सर्वांनी दूर व्हावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लाला टाकतात, हा समज खरा नाही. अंधार पडला की ते येतात.

घुबड मांसाहारी आहे. दूध त्याला पचत नाही, पोळी त्याचे अन्न नाही आणि चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. जैन घरापुढे येथे धर्मसंकट उभे राहते: त्याचे अन्न देववत नाही आणि आपले अन्न त्याला मारते. यातून सुटण्याचा मार्ग निसर्गानेच ठेवला आहे. पिल्लाला भरवण्याचे काम त्याच्या आईबापांचे आहे.

पिल्लू जखमी असल्यास हवेशीर खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये घुबड पाळणे हा गुन्हा आहे. निरोगी पिल्लासाठी मात्र एवढीच दया पुरेशी, की त्याची आईबापांपासून ताटातूट होऊ नये.