आधी टक्के की आधी रुपये? सवलतींचा क्रम बदलला की बिल का बदलतं

एका कुर्त्याची किंमत २,८०० रुपये आहे, जीएसटी वेगळा. तुमच्याकडे ३०० रुपये वाचवायचे दोन मार्ग आहेत. दुकानाचं ३०० रुपयांचं कूपन वापरायचं, किंवा बँकेच्या कार्डाने पैसे भरून नंतर ३०० रुपये कॅशबॅक घ्यायचा. दोन्हींपैकी एकच चालेल.

बहुतेक जण म्हणतील, काहीही घ्या, ३०० ते ३००च. पण बिल करून बघा. कूपन घेतलं तर कुर्ता २,५०० रुपयांना पडतो, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे १२५ रुपये, एकूण २,६२५. कॅशबॅक घेतला तर आधी २,८०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लागतो, बिल होतं ३,३०४, आणि त्यातून ३०० परत आले तरी खर्च ३,००४ रुपये. सवलत तेवढीच, कुर्ता तोच, फरक ३७९ रुपयांचा.

हा फरक कुठून आला? सवलत करापूर्वी मिळाली की करानंतर, एवढ्यावरून. सेलच्या दिवसांत "५०% + ४०%", "वर ५०० रुपये सूट", "कार्डावर आणखी १०%" अशा पाट्यांची गर्दी असते, आणि आपण फक्त आकडे बघतो. त्यांचा क्रम कोणी बघत नाही. गणितात मात्र या क्रमासाठी एक वेगळा धडाच आहे.

फलनांची साखळी म्हणजे काय?

फंक्शन, मराठीत फलन, म्हणजे एक यंत्र समजा. एका बाजूने आकडा घाला, दुसऱ्या बाजूने नवा आकडा बाहेर येतो. "२० टक्के सूट" हे एक यंत्र. २,००० घातले की १,६०० बाहेर. त्याला ट म्हणू. "३०० रुपये सूट" हे दुसरं यंत्र. २,००० घातले की १,७०० बाहेर. त्याला र म्हणू.

एका यंत्रातून निघालेला आकडा दुसऱ्यात घातला की झाली फलनांची साखळी, म्हणजे संयुक्त फलन. लिहायची पद्धत थोडी उलटी वाटते. र(ट(२,०००)) याचा अर्थ आधी आतलं ट चालवा, मग बाहेरचं र.

रोजच्या जगण्यात क्रमाचं महत्त्व आपल्याला कळतंच. चहा आधी उकळून मग गाळला तर चहा मिळतो. आधी गाळून मग उकळला तर हाती नुसतं गरम पाणी. पैशांच्या बाबतीत मात्र "शेवटी सगळं वजाच होणार ना" असं वाटतं आणि तिथेच चूक होते.

कोणत्या सवलतींना क्रमाने फरक पडत नाही?

दोन्ही सवलती टक्क्यांत असतील तर निर्धास्त राहा. "५०% + ४०%" घ्या. २,००० चे निम्मे १,०००, त्यातून ४० टक्के गेले की ६००. उलट क्रमाने केलं तर २,००० चे आधी १,२००, मग निम्मे ६००. उत्तर एकच, कारण टक्केवारीची सूट म्हणजे गुणाकार असतो आणि गुणाकाराला क्रमाचं सोयरसुतक नसतं.

ही सूट ७० टक्के आहे, ९० नाही. पाटीवरचं अधिकचं चिन्ह बेरीज करायला सुचवतं, पण दुसरी सूट उरलेल्या रकमेवर लागते. मधलं चिन्ह मोठं छापण्यामागे नेमका काय हेतू असतो, हे वेगळं सांगायला नको.

दोन्ही सवलती रुपयांत असतील तरी क्रम बिनमहत्त्वाचा. आधी ३०० मग २०० काय, किंवा उलट काय, ५०० जाणारच.

मग गोंधळ कधी होतो?

एक सवलत टक्क्यांत आणि दुसरी रुपयांत असली की. २,००० रुपयांच्या शर्टावर २० टक्के आणि ३०० रुपये अशा दोन सवलती आहेत. आधी टक्के लावले तर १,६००, त्यातून ३०० गेले की १,३००. आधी ३०० वजा केले तर १,७००, त्यावर २० टक्के सूट म्हणजे १,३६०. दुसऱ्या क्रमात ६० रुपये जास्त गेले.

हे ६० रुपये म्हणजे बरोबर ३०० चे २० टक्के. कूपन आधी वापरलं की तुमच्या कूपनलाही २० टक्के कात्री लागते. ३०० चं कूपन प्रत्यक्षात २४० चं होऊन बसतं. गंमत म्हणजे हा फरक वस्तूच्या किमतीवर अवलंबून नाही. शर्ट २,००० चा असो की कोट २०,००० चा, फरक ६० रुपयेच. तो फक्त टक्के आणि कूपनची रक्कम यांवर ठरतो. म्हणून मोसमाअखेरच्या सेलमध्ये, जिथे सूट ५० टक्के असते, तिथे ५०० रुपयांचं कूपन आधी लागलं तर २५० रुपयांचं नुकसान होतं.

यावरून "आधी टक्के, मग रुपये" असा नियम पाठ करावासा वाटेल. पण थांबा.

हाच नियम उलटा कधी पडतो?

कूपनला अट असते तेव्हा. समजा, "१,९९९ रुपयांच्या वरच्या खरेदीवर २०० रुपये सूट" असं कूपन आहे आणि दुकानात १० टक्के सूट चालू आहे. वस्तू २,२०० रुपयांची. आधी टक्के लावले तर किंमत १,९८० झाली, म्हणजे अटीखाली गेली. कूपन बाद, बिल १,९८०. आधी कूपन लावलं तर २,००० उरले, त्यावर १० टक्के सूट, बिल १,८००. इथे "आधी टक्के" करणारा १८० रुपयांना फसतो.

"१० टक्के, कमाल १,५०० रुपये" अशी मर्यादा असेल तर वेगळीच गत. २०,००० च्या खरेदीवर १० टक्के म्हणजे २,००० होतात, पण मिळणार १,५००च. मर्यादा गाठली की टक्क्यांची सूट रुपयांची सूट होऊन जाते आणि क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

थोडक्यात, "इतक्या रकमेच्या वर" किंवा "इतक्या रकमेपर्यंत" असे शब्द आले की पाठ केलेला नियम सोडून प्रत्यक्ष आकडे मांडावे लागतात. आणि असे शब्द असलेली सगळ्यात मोठी अट कूपनवर नसून जीएसटीच्या दरपत्रकात आहे.

जीएसटीच्या नव्या दरांनी काय बदललं?

जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत दरांची फेररचना केली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून, लागू झाले. तयार कपड्यांवर पूर्वी नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. पादत्राणांनाही जोडीमागे २,५०० ची हीच रेषा आहे.

मध्यम किमतीच्या कपड्यांसाठी ही चांगलीच बातमी होती. १,५०० च्या शर्टावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण रेषेजवळ काय झालं, याची चर्चा फारशी झाली नाही. पूर्वी १,००० ची रेषा ओलांडली की कर सुमारे ७० रुपयांनी वाढायचा. आता २,५०० ची रेषा एका रुपयाने ओलांडली तरी कर सुमारे ३२५ रुपयांनी वाढतो. कारण वरचा दर फक्त वरच्या रकमेला नाही, पूर्ण किमतीला लागतो. आयकरात टप्प्याच्या वरच्या उत्पन्नालाच वरचा दर लागतो, तशी सोय इथे नाही. पूर्वीची पायरी होती, आता तिचा कडा झाला आहे.

आता सुरुवातीच्या कुर्त्याकडे येऊ. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते. म्हणून दुकानाचं कूपन कुर्त्याला कड्याच्या खाली आणतं. बँकेचा कॅशबॅक हा तुमच्या आणि बँकेच्या मधला व्यवहार. दुकानाने कुर्ता २,८०० लाच विकला, कर त्यावरच लागणार.

ते ३७९ रुपये गेले कुठे, हेही बघण्यासारखं आहे. पहिल्या बिलात कर १२५ रुपये, दुसऱ्यात ५०४. फरक बरोबर ३७९. दुकानदाराच्या किंवा बँकेच्या खिशात त्यातला रुपयाही गेला नाही. सवलत देणाऱ्याला दोन्ही वेळा ३०० च पडले. फक्त क्रम चुकल्यामुळे बाकीचे सरकारजमा झाले.

न शिवलेल्या कापडाला ही रेषा लागू नाही. त्यामुळे विणलेल्या साडीच्या खरेदीत हा घोळ होत नाही, शिवलेल्या कुर्त्याच्या खरेदीत होतो.

एमआरपीवरच्या सवलतीचं काय?

बहुतेक ब्रँडेड कपड्यांच्या टॅगवर एमआरपी असते आणि तिच्यात सगळे कर आलेले असतात. कायद्यानेच तसं बंधनकारक आहे. तेव्हा १,००० रुपये एमआरपीवर "फ्लॅट ४० टक्के" म्हटलं की ६०० रुपयेच द्यायचे. काउंटरवर त्यात पुन्हा ५ टक्के कर मिळवून ६३० मागितले तर सूट ४० ची ३७ टक्के होते. इथे क्रमाचा दोष नाही. टक्क्यांची सूट आणि ठरावीक दराचा कर दोन्ही गुणाकारच असतात, कोणतंही आधी केलं तरी चालतं. दोष हा की कराचं यंत्र दोनदा चालवलं. व्हॅटच्या काळातल्या अशाच एका प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये "फ्लॅट" सवलतीनंतर वेगळा कर आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. असं बिल हातात आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

करासकट किमतीतही नव्या कड्याने एक विचित्र पोकळी तयार केली आहे. मूळ किंमत २,५०० असेल तर ५ टक्क्यांनी करासकट २,६२५. मूळ किंमत २,५०० च्या जराशी वर गेली की १८ टक्क्यांनी करासकट २,९५० च्या वर. मधल्या किमतींचं काय? समजा, सवलतीनंतर कुर्ता करासकट २,८०० ला विकायचा आहे. १८ टक्के कर धरला तर मूळ किंमत २,३७३ निघते, मग दर ५ टक्के हवा. ५ टक्के धरला तर मूळ किंमत २,६६७ निघते, मग दर १८ टक्के हवा. हिशेब एकाही दराने जुळत नाही. २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंत करासकट कोणतीच किंमत नियमात बसत नाही. कराच्या फलनातून ते आकडे कधी बाहेर पडतच नाहीत.

म्हणून ३,००० रुपये एमआरपीच्या कपड्यावर फक्त ५ टक्के सूट जाहीर करणाऱ्या दुकानाने बिल कसं फाडलं, हे एकदा निरखून बघायला हरकत नाही. २,८५० हा आकडा त्या पोकळीतच पडतो.

मग काउंटरवर काय करायचं?

क्रम दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर ठरवतं. तो अटी-शर्तींच्या बारीक अक्षरांत असतो किंवा ऑनलाइन खरेदीत पैसे भरायच्या पानावर दिसतो. विचारायचे प्रश्न दोनच. टक्क्यांची सूट कूपनच्या आधी लागते की नंतर? आणि ही सूट बिलात करपात्र रकमेतून वजा होते की नंतर खात्यात येते? कपडा किंवा बूट २,५०० च्या थोडा वर असेल तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

२,५०० ची रेषा प्रत्येक नगाला लागते, पूर्ण बिलाला नाही, हे लक्षात ठेवलं तर आणखी एक गोष्ट जमते. समजा, दोन कुर्ते घेतले, २,६०० आणि ३,४०० चा, कर वेगळा, आणि २०० रुपयांचं एक कूपन आहे. एकाच बिलात कूपनची रक्कम दोन्ही कुर्त्यांत किमतीच्या प्रमाणात वाटली गेली तर पहिला कुर्ता २,५१३ रुपयांवर थांबतो. दोन्ही १८ टक्क्यांत राहतात आणि एकूण ६,८४४ रुपये होतात. हेच कूपन एकट्या २,६०० च्या कुर्त्याला लावून त्याचं वेगळं बिल केलं तर तो २,४०० वर येतो आणि करासकट २,५२० ला पडतो. दुसरा ४,०१२ ला. एकूण ६,५३२, म्हणजे ३१२ रुपये कमी.

अर्थात, त्या कूपनवर "किमान खरेदी ५,००० रुपये" असं लिहिलेलं नसेल तर.