किंगरी घडवणारे हात

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड गावांत देवकार्याला परधान, म्हणजे गोंडांचा परंपरागत गायक, येतो तो किंगरी हे तंतुवाद्य घेऊन. लाकडाचं कोरून पोकळ केलेलं पोट, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. हा गज फिरू लागला की यजमानाच्या कुळाची आणि देवांची गाथा सुरू होते. शेजारच्या आदिलाबादेतल्या राजगोंडांवर मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ साली ग्रंथ लिहिला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गोंडांचा इतिहास परधानांनी गाऊन जपला होता.

गाणं आज मोबाइलवरही टिपता येतं. लाकूड कोणतं निवडायचं, पोट किती कोरायचं, कातडं ओलं असताना किती ताणायचं, हे मात्र घडवणाऱ्यासोबतच जातं. नॉर्वेत हार्डांगर फिडल या लोकवाद्याच्या जुन्या कारागिरांची नावं आजही आदराने घेतली जातात; आपल्या किंगरीकारांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, ही खंत आम्हाला मोठी वाटते. म्हणून या अंकात गायकाइतकीच जागा कारागिराला दिली आहे.

तुमच्या गावात किंगरी घडवणारं कुणी असेल, तर त्यांच्या संमतीने आम्हाला जरूर लिहा.