पाण्याच्या बदल्यात पाणी

जत तालुक्याच्या पूर्व भागात, उमदी-संख-तिकोंडीकडे, दोन राज्यांतला फरक माणसांत दिसत नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही घरात बोलतात. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्हीकडचे भाविक येतात. विजापूरकडचा बेदाणा तासगाव-सांगलीच्या सौद्याला येतो. फरक दिसतो तो विहिरीत डोकावल्यावर. तिकडे अथणीच्या नदीकाठी ऊस उभा, आणि इकडची जोडपी कोयता घेऊन दुसऱ्यांच्या फडात.

२०१२ च्या दुष्काळात याच भागातल्या गावांनी 'पाणी देणार नसाल तर कर्नाटकात जातो' असे ठराव केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा दाखला देत जतवर हक्क सांगितला, वर तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी सोडले. तिकोंडीचा तलाव भरून वाहिला. इकडे आंदोलने, निषेध, सगळे झाले. पण ज्याच्या रानात ओल आली त्याने निषेध कशाचा करायचा?

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एप्रिल-मे आला की चिकोडी, रायबाग, अथणीकडे कृष्णेचे पात्र उघडे पडते. मग कर्नाटक कोयनेचे पाणी मागते, आणि महाराष्ट्राने ते अनेकदा सोडलेही आहे. म्हणजे उन्हाळ्यात ते आपल्याकडे मागतात, आपला जत त्यांच्याकडे पाहतो. २०१९ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने 'पाण्याच्या बदल्यात पाणी' अशी भूमिका घेतली होती. ती बरोबर होती. तिचा कायमचा लेखी करार व्हायला हवा. दर वर्षी टाहो फुटल्यावर मंत्र्यांनी फोन करायचा, ही काही पद्धत नव्हे.

काही जण म्हणतील, आपले हक्काचे पाणी जाईल. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी आणि कर्नाटकाला ७०० टीएमसी दिले. अदलाबदलीत जेवढे दिले तेवढे परत घ्यायचे असते, त्यामुळे वाट्याला हात लागत नाही. खरी अडचण मोजणीची आहे. आपण सोडलेले पाणी शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावर मोजता येईल. ते कोयनेपासून तिथवर येईतो वाटेत मुरते, काठावरच्या मोटारीही ओढतात. ती तूट कोणी सोसायची? जतला मिळणारे पाणी तलावात पडल्यावर मोजायचे की त्यांच्या कालव्याच्या तोंडाशी? भांडण होणार ते इथे, म्हणून हे आधी कागदावर यावे. पुराच्या वेळी दोन्हीकडचे अभियंते विसर्गाचे आकडे एकमेकांना कळवतात. २०१९ च्या पुराने तेवढी अक्कल दिली. मग उन्हाळ्यातच अवघड काय आहे?

म्हैसाळची विस्तारित योजना आहेच, २०२२ च्या वादानंतर तिला गती आली. ती पुरी झालीच पाहिजे. पण ते पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आणायचे, वीजबिल कोणाच्या माथी हा प्रश्न आलाच. तिकोंडीला तिकडचे पाणी ओढ्याने, उताराने आले. जिथे असे येते तिथे ते का नाकारायचे?

सरपंच आणि ग्रामसेवकांना एक सांगणे आहे. ठराव करा, पण 'राज्य सोडतो' असा नको. आपल्या तलावाची क्षमता किती, त्याखाली विहिरी किती, ओढ्यात झुडपे-गाळ कुठे अडला आहे, हे तलाठी आणि कृषी सहायकाला बरोबर घेऊन लिहून काढा. नुसत्या घोषणेचा कागद फाइलीत पडतो, आकड्यांचा कागद अधिकाऱ्याला बाजूला सारता येत नाही. तिकोंडीचा तलाव भरला तेव्हा किती विहिरींना किती दिवस पाणी टिकले, हे कोणी लिहून ठेवले असेल तर ते पहिल्या पानावर लावा.

आणि पाणी आले म्हणून लगेच उसाची कांडी टाकू नका. शेजाऱ्याचे पाणी एका पिकात जिरवले तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहणार नाही. ज्वारी-तूर सोडू नका, फळबाग असेल तर ठिबकवरच. दोन पाण्यांत ज्वारी हाताला लागते, हे या भागातल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवायला नको.